रोमन खेटर कशाला पुजता?



ज्यांना रागवायचे आहे त्यांची सोय आधीच करून ठेवतो. रोमन फौज महाराष्ट्रात कधी आली याचा एकही पुरावा नाही. कोल्हापुरी चप्पल रोमन शिपायाच्या जोड्यावरून आलेली नाही. आणि रोमन शिपायाचा जोडाही कोल्हापुरीवरून गेलेला नाही. तीन वाक्ये झाली. आता सावकाश बोलू.

हे सांगायचे कारण असे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काही महिन्यांच्या अंतराने दोन संदेश आले. पहिल्यात लिहिले होते की, कोल्हापुरात रोमन वस्तू सापडल्या, म्हणजे तिथे रोमन छावणी होती, आणि शिपायांचे जोडे पाहून आपल्या कारागिरांनी कोल्हापुरी बनवली. त्यावर सतरा जणांनी अंगठे उभे केले. दुसरा संदेश उलटा. रोमन सैन्य आपल्या कोल्हापुरी घालूनच जग जिंकत होते, हा इतिहास आपल्यापासून लपवून ठेवला, वगैरे. त्यावरही अंगठेच. गंमत म्हणजे त्यातले बरेच अंगठे तेच होते! नावे घेत नाही. ज्याची त्याला ठाऊक आहेत, आणि दिवाळीला सगळ्यांनी माझ्याकडेच फराळाला यायचे आहे.

मी पस्तीस वर्षे पोरांना इतिहास आणि मराठी शिकवले. वर्गात कुणी असे उत्तर लिहिले असते तर मी शून्य दिले नसते, पण समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला असता : "कशावरून?" तोच प्रश्न इथे विचारतो.

आधी कोल्हापूरचे खरे काय ते पाहू. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. ब्रह्मपुरीतच काशाच्या वस्तूंचा एक मोठा साठा मिळाला. त्यात रोमन बनावटीच्या काही वस्तू होत्या : आरसा, सुरई आणि पोसायडन या समुद्रदेवाची छोटी देखणी मूर्ती. ही मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ज्यांनी अंबाबाईचे दर्शन घेतले आणि तांबडा-पांढरा रस्सा ओरपला, पण टाउन हॉलची पायरी चढले नाहीत, त्यांनी पुढल्या वेळी अवश्य चढावे. जाल तेव्हा त्या देवाच्या पायांकडेही पाहा. तो अनवाणी आहे!

आता यावरून काय सिद्ध होते? एवढेच की, दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापुरात कुणाच्या तरी घरी रोमच्या मुलखातली चैनीची वस्तू होती. माझ्या घरी जपानी घड्याळ आहे. उद्या हजार वर्षांनी खाप्यात कुणी खणले आणि ते घड्याळ मिळाले, तर "येथे जपानी पलटण तळ ठोकून होती" असे लिहिणार काय? वस्तू माणसाशिवाय फिरतात. त्यांना पाय नसतात, पण व्यापारी असतात.

व्यापार होता, आणि भरपूर होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे टिपण आहे. त्यात भडोचहून पैठणला वीस दिवस आणि पैठणहून पूर्वेला तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आपले तेर, आणखी दहा दिवस असा हिशेब दिला आहे. पैठणहून मौल्यवान दगड जात, तगरहून कापड जाई. हे वाचताना माझ्यासारख्या हातमागाच्या गावातल्या माणसाचा ऊर भरून येतो. आमच्या खाप्यात कोष्ट्यांच्या मागांचा खटखटाट ऐकत मी वाढलो. भडोचला बाहेरून काय उतरत होते, त्याचीही यादी त्या टिपणात आहे : द्राक्षाची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, राजासाठी चांदीची भांडी, गाणारी पोरे. म्हणजे अगदी बारीकसारीक. त्या यादीत पलटण नाही.

आता शिपायाच्या जोड्याकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

रोमन शिपायाच्या जोड्याला कालिगा म्हणत. जाड चामड्याचे थर एकावर एक ठेवून तळ केलेला, वरचा भाग पट्ट्यापट्ट्यांनी कापलेला, पुढून वादीने आवळून घोट्यापर्यंत बांधायचा. टाच झाकलेली. आणि तळाला घुमटीसारख्या डोक्याचे लोखंडी खिळे, डझनावारी ठोकलेले. सगळी करामत या खिळ्यांत. चिखलात पकड मिळे, तळ झिजत नसे. फरशीवर मात्र पंचाईत. जेरुसलेमच्या वेढ्याची हकिकत जोसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. त्यात युलियानुस नावाचा एक शूर रोमन अधिकारी मंदिराच्या गुळगुळीत फरशीवर धावता धावता खिळ्यांच्या जोड्यांमुळे घसरून पडतो, आणि शत्रू त्याला तिथेच घेरून मारतात. ही गोष्ट इसवी सन ७० ची.

कॅलिग्युला हा बादशहा आपल्याला नाटकामुळे माहीत असतो. त्याचे ते खरे नाव नव्हे, लाडाचे नाव. बाप जर्मानिकस फौजेचा सेनापती. पोर छावणीत शिपायांच्या वेषात इवलेसे जोडे घालून हिंडायचे, म्हणून शिपायांनी त्याला "छोटा जोडा" म्हणायला सुरुवात केली. नाव पुढे जन्मभर चिकटले.

हे खिळे चालता चालता गळत. चामडे कुजून जाते, पण लोखंड गंजून का होईना, मातीत राहते. त्यामुळे युरोपातले संशोधक रोमन फौज कुठून कुठे गेली ते या गळलेल्या खिळ्यांवरून शोधतात. फ्रान्समध्ये अलेसियाला ज्युलियस सीझरने वेढा घातला होता, तिथे असे खिळे मिळाले, आणि त्यांच्या डोक्याच्या आतल्या बाजूला फुली आणि ठिपक्यांच्या खुणा आहेत. त्या खुणांवरून खिळा कोणत्या काळातला ते ताडता येते. स्वित्झर्लंडच्या डोंगरात, आल्प्सच्या ऐन कुशीत, गोफणीचे शिशाचे गोळे आणि जोड्यांचे खिळे सापडले. गोळ्यांवर पलटणींचे शिक्के आहेत. इसवी सनापूर्वी १५ मध्ये झालेली चढाई त्यावरून उलगडली. इस्राएलमध्ये हिप्पोस नावाच्या जुन्या नगरात तर २००४ मध्ये तटाच्या चुनखडीत खिळेदार जोड्याचा अख्खा ठसा मिळाला. चुना ओला असताना कुणा शिपायाने पाय ठेवला, आणि तो पाय जवळजवळ दोन हजार वर्षे तिथेच राहिला.

याला म्हणतात पुरावा.

आता सांगा, तेर, पैठण, नेवासे, जुन्नर, ब्रह्मपुरी इथे रोमन मद्यकुंभांचे तुकडे, नाणी, त्यांच्या मातीच्या नकला असे काय काय कुठे कुठे मिळाले. पण जोड्याचा खिळा कुठाय? हजारो माणसांची पलटण दख्खनच्या दगडगोट्यांतून चालली असती, तर ज्वारी सांडावी तसे खिळे सांडले असते. लोखंडी खिळे आपल्या उत्खननांत मिळतात, नाही असे नाही. पण ते सुताराचे, दारा-तुळईचे. खिळा सापडला म्हणजे रोमन सापडला असे होत नाही.

इथे कुणी अभ्यासू वाचक हरकत घेईल. घ्यावी, मला आवडते. हरकत पहिली : प्लिनी लिहितो की हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांवर चाच्यांच्या भीतीने तिरंदाजांच्या तुकड्या असत. बरोबर आहे. पण जहाजावरचा पहारेकरी म्हणजे मुलूख ताब्यात घेणारी फौज नव्हे. बँकेच्या गाडीबरोबर बंदूकवाला असतो, म्हणून बँकेने शहर जिंकले असे आपण म्हणत नाही.

हरकत दुसरी : जुन्या तमिळ काव्यांत राजाच्या पहाऱ्यावर यवन दाखवले आहेत. तेही खरे. पण ते चाकरी करणारे भाडोत्री होते, आपल्या राजाच्या पगारावरचे. शिवाय यवन म्हणजे रोमन हे समीकरणच चुकीचे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दान केल्याचे लेख आहेत, जुन्नरला इरिल, चिट, चंद या यवनांची दाने आहेत, आणि नाशिकच्या लेण्यात तर उत्तरेकडून आलेला, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त हा यवन आहे. बापाचे नाव धम्मदेव! ही माणसे इथे रुजलेली, दानधर्म करणारी होती. त्यांच्या लेखांत पलटणीचा उल्लेख नाही, आणि रोमचाही नाही.

हरकत तिसरी : एका जुन्या रोमन नकाशात मुझिरिस या केरळातल्या बंदराजवळ ऑगस्टसचे देऊळ दाखवले आहे. असेल. परदेशात मराठी माणसे गणपतीचे देऊळ बांधतात, म्हणून तिथे पेशव्यांची फौज पोचली होती काय?

आणि रोमन पलटण या दिशेला कुठवर आली ते ठाऊक आहे. लाल समुद्रात, आजच्या सौदी अरेबियाच्या किनाऱ्याजवळ फरासान नावाची बेटे आहेत. तिथे इसवी सन १४४ च्या सुमाराचा लॅटिन शिलालेख मिळाला. त्यात दुसऱ्या त्रायाना पलटणीच्या तुकडीचा उल्लेख आहे. म्हणजे जिथे ते होते तिथे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. त्या बेटांपासून आपल्या कोकणापर्यंत अख्खा अरबी समुद्र पसरला आहे.

आता चपलेचीच परीक्षा घेऊ. इथे पुराणवस्तू लागत नाहीत, डोळे पुरतात. रोमन जोडा खिळ्यांवर उभा आहे. अस्सल कोल्हापुरीत एकही खिळा नसतो. ती चामड्याच्याच वादीने शिवतात. रोमन जोडा घोट्यापर्यंत आवळून बांधायचा. कोल्हापुरीत पाय सरकवायचा, पट्टा आणि अंगठा एवढ्यावर ती पायात राहते. रोमन जोड्याला अंगठाच नाही. चामडे कमावायला आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. एक जोडा थंडी-चिखलात दिवसभर कूच करायला केलेला, दुसरी वहाण उन्हातान्हात शेताच्या बांधावरून चालायला आणि उंबऱ्याशी चटकन काढून ठेवायला केलेली. घरात, देवळात शिरताना आपण पाय मोकळे करतो. घोट्यापर्यंत वादी आवळणाऱ्याला ते दिवसातून वीस वेळा जमेल काय? दोन्हींचे कूळ एक म्हणणे हा निव्वळ बादरायण संबंध आहे. जगात ऊन सगळीकडे आहे आणि काटे सगळीकडे आहेत, म्हणून तळव्याखाली चामडे बांधायची अक्कल माणसाला ठिकठिकाणी सुचली. त्यासाठी कुणी कुणाचा चेला व्हावा लागत नाही.

आणि आपल्या शिल्पकारांना परका जोडा दिसला की ते तो कोरत होते, हेही लक्षात घ्या. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर परदेशी लोक स्तूपाची पूजा करताना दाखवले आहेत, त्यांच्या पायात बांधीव जोडे आहेत. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा शिर नसलेला पुतळा आहे, त्याचे ते जाडजूड बूट एकदा पाहिले की विसरत नाहीत. सूर्यदेवाच्या कितीतरी मूर्तींच्या पायात गुडघ्याला टेकणारे बूट असतात. सगळे देव अनवाणी आणि सूर्यच तेवढा बुटात, कारण त्याचा वेष उत्तरेकडचा. म्हणजे फौजी बूट आपल्या कलेत आला तो वायव्येकडून, घोड्यावर बसून. रोमहून नव्हे.

इथवर इतिहास झाला. आता मला जे खरे बोलायचे आहे ते बोलतो.

हे दोन्ही संदेश वरवर परस्परविरोधी आहेत, पण दुखणे एकच. "आपल्याला रोमने शिकवले" म्हणणाऱ्याला आपली वस्तू गोऱ्याच्या हातून आल्याशिवाय मोठी वाटत नाही. "रोमला आपण शिकवले" म्हणणाऱ्यालाही ती गोऱ्याच्या पायात गेल्याशिवाय मोठी वाटत नाही. दोघांच्याही गोष्टीत एक माणूस नाही. चप्पल शिवणारा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशनच्या कार्यक्रमात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! व्हायलाच हवा होता. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते काही शोभेला नाही. मग कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथेच २००० जोड बनवून घ्यायचे जाहीर केले. किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. आपल्या पैशांत पाऊण लाखाच्या वर! पण त्या गदारोळात जे सर्वांत मोठ्याने ओरडत होते, त्यांतले किती जण कारागिराकडे चप्पल घेताना शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. इटलीने श्रेय चोरले म्हणून संताप, आणि आपण रोज मजुरी कापतो त्याला म्हणायचे व्यवहार!

आपल्या भाषेतच बघा ना. "पायातली वहाण पायातच बरी." ही म्हण आपण किती सहज वापरतो. ती वहाणेबद्दल नाही, माणसांबद्दल आहे, हे न कळण्याइतके आपण दुधखुळे नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पटावर वडिलांचा धंदा लिहून घ्यावा लागे. "शेती", "माग", "खदान" अशी खणखणीत उत्तरे यायची. एक पोरगा मात्र मान खाली घालून "चपला" म्हणाला, आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसले. त्या हसणाऱ्यांची नातवंडे आज "कोल्हापुरी आमची शान" असे लिहून पाठवतात. शान जरूर माना, पण आधी त्या हसण्याचा हिशेब करा.

याबाबतीत रोमन लोकांकडून काही घ्यायचेच असेल तर जोडा घेऊ नका, त्यांची नोंदवही घ्या. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाचा रोमन किल्ला आहे. तिथल्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत हजारो जोडे टिकले, शिपायांचे, बायकांचे, लहान पोरांचेही. आणि लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या टिकल्या. एका चिठ्ठीत त्या दिवशी कोण कोणत्या कामावर होते त्याची यादी आहे : कारखान्यांत ३४३ माणसे, पैकी चांभार १२, स्नानगृहाच्या बांधकामावर १८. दुसऱ्या एका चिठ्ठीत कुणीतरी कुणाला तरी मोजे, दोन जोड वहाणा आणि आतले कपडे पाठवल्याचे कळवले आहे. साम्राज्याच्या टोकाला, पावसात भिजणाऱ्या एका ठाण्यावर, जोडे शिवणारी १२ माणसे हजेरीत आहेत. सेनापतीच्या हजेरीत! आपल्याकडे लढायांच्या तारखा आहेत, तहांची कलमे आहेत, हत्ती-घोड्यांच्या संख्या आहेत. फौजेला वहाणा शिवून देणाऱ्यांची अशी हजेरी आपल्या पाठ्यपुस्तकात मी पस्तीस वर्षांत एकदाही शिकवली नाही, कारण ती तिथे नव्हतीच.

दुसरे असे की, रोमकडे टक लावून बसताना आपल्या पायाखालची माती आपल्याला दिसत नाही. आमच्या नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहुरझरी, रायपूर, नायकुंड अशा ठिकाणी शिळावर्तुळे आहेत. रोमन पलटण इंग्लंडात पोचण्याच्या कितीतरी शतके आधीची ती माणसे. त्यांच्या थडग्यांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्यांचे लगाम, घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने मिळाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. रिव्हेट-कारनॅक साहेबाने एकोणिसाव्या शतकात जुनापाणीला खणले, त्यातल्या काही वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी नीट शास्त्रशुद्ध कामे केली. त्यांच्या १९६८-६९ च्या उत्खननाचे नाव "टाकळघाट-खापा" असे आहे. ते वाचून आमच्या गावातले काही उत्साही लोक "आपला खापा तीन हजार वर्षांचा" म्हणतात. नाही बाप्पा! तो खापा नागपूरच्या दक्षिणेला बुटीबोरीकडचा, आपला उत्तरेला कन्हानच्या काठचा. गाव माझे असले तरी खोटी पाटी लावू देणार नाही.

ती शिळावर्तुळे मुरुमाच्या खणतीत आणि लेआउटच्या प्लॉटांत एकेक करून नाहीशी होत आली आहेत. जेसीबीला एक सकाळ पुरते. ते दगड उखडताना कुणाच्या भावना दुखावत नाहीत, मोर्चा निघत नाही, संदेश फिरत नाही. कारण त्यात रोम नाही, राजा नाही, आणि जातही कुणाची ठाऊक नाही. मग भांडायचे कुणासाठी?

म्हणून माझे मागणे साधे आहे. पुढच्या वेळी असा संदेश आला की पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा : वस्तू कुठे सापडली? मातीच्या कोणत्या थरात सापडली? आणि नोंद कुणी केली? तिन्हींची उत्तरे नसतील तर अंगठा खिशात ठेवा. पोरांना घेऊन एकदा नागपूरचा अजबबंगला दाखवा, एकदा जुनापाणीच्या दगडांपाशी उभे करा. आणि चप्पल घ्याल तेव्हा शिवणाऱ्याचे नाव विचारा, सांगितलेला भाव द्या, आणि ते नाव पोरांसमोर मोठ्याने घ्या.

आणि महाराष्ट्राच्या मातीत, नीट नोंदलेल्या थरात, रोमन शिपायाच्या जोड्याचा एक जरी खिळा कुणाला मिळाला, तर मला जरूर कळवावे. मी एसटीने येऊन तो पाहीन, आणि याच पानावर त्याचे स्वागत करीन. तोवर रोमन खेटर पुजणे बंद.

बाकी सर्व क्षेम. उन्हाळा कडक आहे, पायात काहीतरी घालूनच बाहेर पडा.